आय-९० हायवेवर दोघांचा एक दिवस: बॅडलँड्स ते माउंट रशमोर, कमी खर्चात

ओवी_ग
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि नवरा शिकागोहून यलोस्टोनला गाडीने निघतोय. वाटेत साउथ डकोटात एक पूर्ण दिवस बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान आणि माउंट रशमोर (डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे) यांसाठी ठेवलाय. आदल्या रात्रीचा आणि त्या रात्रीचा मुक्काम रॅपिड सिटीत धरलाय, बुकिंग अजून केलेलं नाही. गाडी स्वतःची, छोटी सेडान. दोघंही शाकाहारी. चालायची तयारी आहे, पण नवऱ्याला उंचीची भीती वाटते. मोटेल सोडून त्या दिवसाचा दोघांचा खर्च ७५ डॉलरच्या आत बसवायचाय. काय ठेवावं, काय गाळावं आणि कुठल्या क्रमाने जावं?

पाऊलवाट
सर्वात आधी पहिल्या रात्रीचं रॅपिड सिटीचं बुकिंग करू नका. तुम्ही पूर्वेकडून येताय, म्हणजे बॅडलँड्स आधी लागतं आणि रॅपिड सिटी नंतर. रॅपिड सिटीत झोपून सकाळी बॅडलँड्सला परत यायचं म्हणजे आदल्या दिवशी पार केलेला रस्ता उलटा कापायचा आणि मग पुन्हा तोच सुलटा. जाऊन-येऊन दीडशे मैल आणि सव्वादोन तास, निव्वळ हायवेवर.

त्याऐवजी पहिली रात्र कडोकाला काढा (एक्झिट १५० किंवा १५२). छोटं गाव आहे, साधी मोटेलं आहेत, आणि उद्यानाचा पूर्वेचा फाटा, एक्झिट १३१, तिथून जेमतेम १९ मैलांवर. तिथे उतरायचं, हायवे २४० म्हणजे बॅडलँड्स लूप रोड पकडायचा आणि एक्झिट ११० ला वॉल गावात बाहेर पडायचं. हा रस्ता ३९ मैलांचा. आय-९० ने तेच अंतर २१ मैल आहे. म्हणजे अख्खं उद्यान बघायला जास्तीचे मैल फक्त १८.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. मर्डोच्या पश्चिमेला माउंटन टाइम सुरू होतो. कडोका, वॉल, रॅपिड सिटी सगळी त्याच वेळेत. शिकागोच्या हिशेबाने एक तास हातात येतो, त्यामुळे पहाटे उठणं वाटतं तितकं जड जात नाही.

निळी_शाई
पाऊलवाट यांना अनुमोदन. आता प्रवेश शुल्काचं बघू.

बॅडलँड्सला गाडीमागे ३० डॉलर, पास सात दिवस चालतो. पण तुम्ही पुढे यलोस्टोनला जाताय (३५ डॉलर), आणि वाटेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर आहे (२५ डॉलर). तिन्ही धरले तर ९० होतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो आणि तो या तिन्ही ठिकाणी चालतो. यलोस्टोनच्या दक्षिणेला लागून असलेलं ग्रँड टीटन केलंत तर आणखी ३५ वाचले.

२०२६ पासून इथे न राहणाऱ्यांसाठी हाच पास २५० डॉलरचा झाला आहे, म्हणून राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. पास घेताना आणि दाखवताना फोटो ओळखपत्र लागतं. पास आधीच घेऊन ठेवा. पहाटे फाटकावर कोणी नसतं, पण शुल्क लागू असतंच. पास फोनवर असेल तर तो डाउनलोड करून ठेवा, कारण लूप रोडवर बऱ्याच ठिकाणी सिग्नल मिळत नाही. नकाशाही ऑफलाइन करून घ्या.

माउंट रशमोरला प्रवेश शुल्क नाही, पण पार्किंगचे १० डॉलर आहेत आणि तिथे वार्षिक पास चालत नाही. तिथल्या फाटकावर वाद घालणारे पुष्कळ दिसतात. उपयोग होत नाही.

कातळशिल्प
क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. रशमोरचे चेहरे आग्नेयेला तोंड करून आहेत. मूर्तिकार गट्झन बोर्गलमने मुद्दाम ती बाजू निवडली, कारण दिवसाचा जास्तीत जास्त काळ तिथे ऊन असतं. सकाळच्या उन्हात नाक, भुवया, डोळ्यांची खोबणी सगळं उठून दिसतं. दुपार कलली की चेहरे सावलीत जातात, मागचं आकाश पांढरं पडतं आणि फोटो सपाट येतात. म्हणून रशमोर सकाळी आणि बॅडलँड्स संध्याकाळी, हाच क्रम योग्य.

पाऊलवाट
@कातळशिल्प, प्रकाशाचं अगदी बरोबर आहे. जो रॅपिड सिटीत मुक्कामी आहे आणि पूर्वेकडे परतणार आहे, त्याने तसंच करावं. पण यांना पश्चिमेला जायचंय. तुमच्या क्रमाने गेले तर दिवसाच्या शेवटी वॉलला पोचतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रॅपिड सिटी ओलांडावी लागेल.

दुसरं म्हणजे बॅडलँड्सला पहाट आणि संध्याकाळ दोन्ही चालतात, पण जूनच्या अखेरीस दुपार चालत नाही. पारा १०० फॅरेनहाइटच्या वर जाऊ शकतो, झाड जवळपास नाही, आणि डोक्यावरच्या उन्हात मातीच्या थरांचे रंग विटल्यासारखे दिसतात. रशमोरला मात्र संध्याकाळ वाया जात नाही, कारण अंधार पडल्यावर चेहऱ्यांवर दिवे लागतात. तो कार्यक्रम मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत असतो आणि त्याचं वेगळं तिकीट नाही.

कातळशिल्प
पटलं. मग एक पर्याय सुचवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना अर्धा तास काढता आला, तर रशमोरच्या पुढे हायवे २४४ वर प्रोफाइल व्ह्यू नावाचा थांबा आहे. तिथून वॉशिंग्टनचा चेहरा बाजूने दिसतो, सकाळच्या उन्हात फार देखणा. गाडी रस्त्याकडेच्या जागेत लावायची, शुल्क नाही. मात्र आय-९० पासून तो आडवाटेला आहे. यलोस्टोनचा टप्पा लांबचा असेल तर हट्ट धरू नका. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळीच तिथून फेरी मारा.

ओवी_ग
खूप आभार. कडोका पक्कं. आता बॅडलँड्समध्ये नेमकं कुठे थांबायचं? फलक वाचून सगळंच महत्त्वाचं वाटतंय. आणि उंचीच्या भीतीचं काय?

पाऊलवाट
सविस्तर लिहितो.

जूनच्या शेवटी सूर्योदय ५ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला. पण आकाशात रंग त्याआधी अर्धा तास भरायला लागतात, म्हणून कडोकातून सव्वाचारला निघा. एक्झिट १३१ ला उतरून दक्षिणेकडे गेलं की ईशान्य फाटक, आणि त्याच्या लगेच पुढे बिग बॅडलँड्स ओव्हरलुक. सूर्योदय इथेच बघा. पूर्वेला तोंड असल्यामुळे पहिलं ऊन थेट सुळक्यांवर पडतं.

पुढे एकाच लांबलचक पार्किंगमधून तीन पायवाटा निघतात. उत्तर टोकाला डोअर, मध्ये विंडो, दक्षिण टोकाला नॉच. तिन्हींना एकदाच गाडी लावायची. इथे शौचालय आहे, पिण्याचं पाणी नाही.

डोअर ट्रेल जाऊन-येऊन पाऊण मैल. सुरुवातीचा भाग लाकडी फळ्यांचा. फळ्या संपल्या की पिवळे क्रमांकाचे खांब दिसतात, त्यांच्या रोखाने चालत राहायचं. खांब नजरेआड झाला तर तिथूनच मागे फिरा, कारण सगळे सुळके सारखेच दिसतात. विंडो ट्रेल पाव मैल, सपाट, पाच-दहा मिनिटांची.

नॉच ट्रेल जाऊन-येऊन दीड मैल. मध्येच ओंडक्यांची, जाड तारेने बांधलेली शिडी आहे. वर गेल्यावर काही अंतर कड्याच्या कडेने जातं आणि शेवटी व्हाइट रिव्हरचं खोरं उघडतं. शिडी चढताना त्रास होत नाही, उतरताना होतो, कारण पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही. तोंड शिडीकडे ठेवून, तीन आधार पक्के धरूनच उतरायचं. ज्याला उंचीची भीती आहे त्याने शिडीच्या पायथ्यापर्यंत जावं. घळीतून जाणारी तेवढी वाटही सुंदर आहे आणि ती चुकवू नये. एकाने वर जायचं आणि एकाने खाली थांबायचं असं ठरलं, तर गाडीची किल्ली आणि पाण्याची एक बाटली खाली थांबणाऱ्याकडे ठेवा.

आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर नॉच सोडून द्या. इथल्या मातीत बेंटोनाइट असतं. पाणी लागलं की ती फुगते, बुटाच्या तळव्याला थर बसतो आणि पकड राहतच नाही. वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते.

आठच्या सुमाराला दोन मैल पुढे बेन रायफेल व्हिजिटर सेंटर. हे नाव लाकोटा या मूलनिवासी समाजातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या माणसाचं आहे. इथे सगळ्या बाटल्या भरून घ्या, पुढे वॉलपर्यंत पाण्याची खात्री नाही. उन्हाळ्यात इथे जीवाश्म साफ करण्याची प्रयोगशाळा पाहता येते. २०१० साली या इमारतीजवळच सात वर्षांच्या एका मुलीला खड्गदंती, मांजरासारख्या प्राण्याची कवटी दिसली होती. तुम्हालाही हाड दिसू शकतं. उचलायचं नाही, जागा नीट लक्षात ठेवायची, फोटो काढायचा आणि रेंजरला सांगायचं.

मग गाडीनेच पश्चिमेकडे. रस्ताभर वीसेक थांबे आहेत, सगळ्यांवर उतरलात तर दुपार होईल. फॉसिल एक्झिबिट ट्रेल (पाव मैल, फळ्यांची वाट), येलो माउंड्स आणि पिनॅकल्स एवढे घ्या. येलो माउंड्स अजिबात सोडू नका. राखाडी-गुलाबी डोंगर संपून अचानक हळदीच्या रंगाच्या टेकड्या लागतात. तिथे एके काळी समुद्र होता. समुद्र हटल्यावर तळाचा काळा गाळ उघडा पडला आणि हवा, पाणी, झाडांची मुळं यांनी त्याची पिवळी माती झाली. त्यावर नंतरचे थर बसले. आता तेही झिजताहेत, वर्षाला साधारण एक इंच. रशमोरचा ग्रॅनाइट एक इंच झिजायला दहा हजार वर्षं घेतो. एकाच दिवसात ही दोन टोकं बघायला मिळतात, म्हणून ही जोडी मला फार आवडते.

रानमांजर
प्राण्यांसाठी पिनॅकल्सच्या जवळून डावीकडे सेज क्रीक रिम रोड घ्या. खडीचा रस्ता आहे, कोरडा असेल तर सेडान आरामात जाते, वेग २५ च्या आत ठेवा. पाचेक मैलांवर रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन, म्हणजे प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या, खारीसारख्या प्राण्यांची वसाहत. तिथवर जाऊन परत फिरा. गवे (बायसन) या भागातच दिसतात. १९६३ मध्ये त्यांना या उद्यानात परत आणून सोडलं, आता मोठा कळप आहे. रानमेंढ्या पिनॅकल्सच्या कड्यांवर असतात.

गव्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे एका फुटबॉल मैदानाइतकं अंतर. रस्त्यावर आला तर गाडीतच बसून राहायचं, हॉर्न नाही. प्रेअरी डॉगला खायला घालायचं नाही, चावतात, आणि त्यांच्या पिसवांमधून प्लेगचे जंतू येऊ शकतात. गवतात उघड्या चपलांनी शिरू नका, प्रेअरी रॅटलस्नेक हा विषारी साप या भागात सर्रास असतो. ऊन तापलं की तो फळ्यांखाली, पायऱ्यांखाली, दगडाच्या सावलीत जातो, म्हणून हात टेकण्याआधी बघा.

भाड्याच्या गाडीवाल्यांसाठी: बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याला मनाई असते. करार वाचूनच या रस्त्याला लागा.

खमंग_फोडणी
आता खाण्याकडे वळू या. सगळा दिवस बाहेर आणि शाकाहारी, तर घरून नेलेलंच खरं. कडोकात किराणा फार नाही, त्यामुळे ताजं सामान आदल्या दिवशी सू फॉल्स किंवा मिचेलला घ्या.

न्याहारीसाठी दडपे पोहे. शिजवायचं काही नाही, म्हणून मोटेलमध्येही जमतात. दोघांसाठी पातळ पोहे तीन कप, एक मध्यम कांदा, एक छोटी काकडी, सुकं खोबरं तीन चमचे, भाजलेले दाणे मूठभर, अर्धं लिंबू, मीठ, अर्धा चमचा साखर, कोथिंबीर. फोडणी घरूनच करून न्यायची: तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरचीचे तुकडे चांगले कुरकुरीत होईपर्यंत. पूर्ण गार झाल्यावर छोट्या कोरड्या बाटलीत. मिरची ओलसर राहिली तर तेल दोन दिवसांत वास मारतं. निघताना कांदा-काकडी चिरून, सगळं एकत्र करून डब्यात दाबून झाकण लावायचं. व्हिजिटर सेंटरला पोचेपर्यंत काकडीच्या पाण्यात पोहे मुरतात. सुकं खोबरं ओल्या नारळाइतकं पाणी देत नाही, त्यामुळे पोहे कोरडे वाटले तर दोन चमचे दूध किंवा पाणी शिंपडा. जाड पोहे घेऊ नका, ते भिजत नाहीत आणि घशात अडकतात.

दुपारसाठी दशम्या किंवा थेपले आणि दाण्याची चटणी. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात, पण गरम असताना डब्यात कोंडल्या तर वाफेने बुरशी धरते. संध्याकाळी ब्रेड, काकडी, चीज, केळी. हे शीतपेटीतलं सामान.

शीतपेटी साध्या थर्माकोलचीही चालेल. बर्फाची एक पिशवी सात ते दहा पौंडांची घ्या. आणि घरून निघताना पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून तळाशी ठेवा, त्या खड्यांच्या बर्फापेक्षा कितीतरी सावकाश वितळतात. बाटली पाऊणच भरा, काठोकाठ भरली तर फुटते. पेटी मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, डिकीत ती तापते.

पाणी माणशी एक गॅलन. छोट्या बाटल्यांचं खोकं घेण्यापेक्षा गॅलनचे दोन कॅन स्वस्त पडतात.

यंत्रतंत्र
गॅस (पेट्रोल) भरताना एक गोष्ट जपा. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात पंपावर सर्वात स्वस्त बटण ८५ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची इंजिनातले ठोके रोखण्याची क्षमता). उंचावर हवा विरळ, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते चालून जायचं. आजच्या इंजिनांना कंपनीने किमान ८७ सांगितलेलं असतं. ८५ भरलं म्हणून गाडी लगेच बंद पडणार नाही, पण चढावर इंजिन ठोके देऊ शकतं, गाडीचा संगणक ठिणगीचं टाइमिंग मागे घेतो आणि मायलेज घटतं. म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले. आकडा वाचून ८७ दाबा. ८८ लिहिलेलं असेल तर त्यात १५ टक्के इथेनॉल असतं. २००१ किंवा त्यानंतरच्या गाड्यांना ते चालतं आणि बऱ्याचदा ८७ पेक्षा स्वस्त असतं. ई३० आणि ई८५ मात्र फक्त फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे जास्त इथेनॉल चालणाऱ्या गाड्यांसाठी. एकाच पंपावर सगळ्या नळ्या असतात, घाईत चूक होते.

उद्यानाच्या आत गॅस नाही. कडोकाला टाकी भरा.

आय-९० वर इथे वेगमर्यादा ८० आहे. ७० ने चालवलंत तर मायलेज ठळक फरकाने वाढतं, आणि या दिवशी हायवेचा भाग इतका कमी आहे की वेळ दहा मिनिटांनीही वाढत नाही.

ओवी_ग
खमंग_फोडणी, डब्याचा प्रश्न सुटला. वॉल ड्रगच्या पाट्या म्हणे शेकडो मैल दिसतात. तिथे थांबावं का? आणि नवऱ्याला क्षेपणास्त्रांचं ते स्थळ बघायचंय.

निळी_शाई
वॉल ड्रगला अर्धा तास द्या. १९३१ मध्ये एका औषधविक्रेत्याने हे दुकान घेतलं. व्यवसाय चालेना, तेव्हा पत्नीच्या सूचनेवरून त्याने हायवेवर फुकट बर्फाच्या पाण्याच्या पाट्या लावल्या. ते पाणी आजही फुकट आहे आणि कॉफी पाच सेंटला. तुमच्या बाटल्या इथे गार पाण्याने भरून घ्या. मागच्या अंगणात फिरायला पैसे लागत नाहीत. खरेदीच्या दालनांत मात्र शिरू नका, दिवसाचं अंदाजपत्रक तिथेच फुटतं.

क्षेपणास्त्रांचं स्थळ म्हणजे मिनिटमन मिसाइल नॅशनल हिस्टॉरिक साइट. त्याचे तीन भाग वेगवेगळ्या एक्झिटवर आहेत. १३१ ला व्हिजिटर सेंटर, फुकट, पण तुम्ही तिथून पहाटे जाल तेव्हा ते बंद असेल. १२७ ला डेल्टा-०१, जमिनीखालचा नियंत्रण कक्ष. त्याला पैसे पडतात आणि आधी आरक्षण लागतं, ते सोडा. ११६ ला डेल्टा-०९, क्षेपणास्त्राची विहीर, फुकट. वॉलहून आय-९० पूर्वेला सहा मैल उलटं जायचं, एक्झिटपासून थोडं दक्षिणेला कुंपण दिसतं. विहिरीवर काचेचं झाकण आहे, आत निकामी केलेलं मिनिटमन-२ उभं आहे. वीस मिनिटं पुरतात. पश्चिम साउथ डकोटातल्या गवताळ रानात अशा दीडशे विहिरी होत्या, शेतांच्या मधोमध. १९९१ च्या स्टार्ट या अण्वस्त्रकपातीच्या करारानंतर बाकीच्या नष्ट केल्या. १२ मैलांच्या फेरीत एवढं मिळत असेल तर जाच. दुपारीच जा, संध्याकाळी फाटक बंद होतं.

पाऊलवाट
वॉलहून रॅपिड सिटी पंचावन्न मैल. तीनच्या सुमाराला मोटेलची खोली मिळाली की दोन तास सरळ झोपा. पहाटे चारला उठलेल्या माणसाने रात्री डोंगरातून गाडी चालवायची आहे, तेव्हा ही झोप चैन नव्हे. खोली लवकर मिळाली नाही तर चॅपल इन द हिल्सला जा. नॉर्वेतल्या लाकडी चर्चची हुबेहूब प्रतिकृती, पाइनच्या झाडीत, प्रवेश फुकट. शहराच्या मध्यभागी चौकाचौकांत राष्ट्राध्यक्षांचे माणसाएवढे ब्राँझचे पुतळे आहेत, तेही फुकट, पण दुपारच्या उन्हात नको.

कातळशिल्प
संध्याकाळी रशमोरला सरळ हायवे १६ ने गेलात तर पंचवीसेक मैल, पाऊण तास. पण गाडीत गॅस आणि अंगात दम असेल तर आयर्न माउंटन रोडने जा. रॅपिड सिटीहून हायवे ७९ ने दक्षिणेला हर्मोसा, तिथून ३६ ने पश्चिमेला, आणि १६ए लागला की उत्तरेला. पंचवीसेक मैल वाढतात, तास जास्त लागतो.

दिशा इथे फार महत्त्वाची आहे. या १७ मैलांत तीन बोगदे आहेत आणि ते दक्षिणेकडून येणाऱ्याला समोर रशमोर दिसेल अशा बेताने फोडलेत. बोगद्याच्या काळ्या चौकटीत ते चार चेहरे. उलट्या दिशेने गेलात तर हे सगळं आरशातच दिसणार. लाकडी पुलांचे वेटोळे आहेत, ज्यांना तिथे पिगटेल म्हणतात. रस्ता स्वतःच्याच खालून किंवा वरून जातो. ३१४ वळणं मोजली आहेत. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं आणि ब्रेडचं जेवण यानंतरच करावं. बोगदे एकेरी आहेत, तोंडाशी थांबून हॉर्न द्यायचा, समोरून कोणी नाही ना ते बघायचं, मग शिरायचं. फोटोसाठी बोगद्यात गाडी थांबवू नये.

हा रस्ता कस्टर स्टेट पार्कच्या कडेने जातो. १६ए वरून न थांबता जाणाऱ्याला पार्कचा परवाना लागत नाही. नीडल्स हायवे आणि वाइल्डलाइफ लूपला लागतो, आणि तो राज्याचा असल्याने तुमचा राष्ट्रीय पास तिथे चालणार नाही. ते दोन्ही या दिवसातून वगळा. क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याच्या शिल्पालाही वेगळे पैसे आहेत, खाजगी संस्थेचं काम आहे. एका दिवसात ते बसत नाही.

निळी_शाई
रशमोरला सातपर्यंत पोचा. प्रेसिडेन्शियल ट्रेल ०.६ मैलांची, ४२२ पायऱ्या. उजेड असतानाच करा. ती पायथ्याच्या दगडांच्या ढिगाऱ्यापर्यंत नेते. तो ढिगारा म्हणजे डायनामाइटने उडवलेला कातळाचा माल, १९२७ ते १९४१ दरम्यान सुमारे चारशे कामगारांनी काढलेला. प्रत्येक चेहरा ६० फूट उंच आहे. खालून हा आकार कळतो, वरच्या गच्चीवरून कळत नाही.

दिव्यांचा कार्यक्रम जूनमध्ये रात्री नऊच्या आसपास असतो, नेमकी वेळ त्या आठवड्यात पाहून घ्या. आधी रेंजरचं बोलणं, मग छोटा चित्रपट, मग दिवे. बाकं दगडी आहेत, बसायला काही न्या. डोंगर ५,७२५ फूट उंच आहे, त्यामुळे दुपारी शंभरच्या वर असलेला पारा रात्री पार खाली येतो. जाकीट गाडीत विसरू नका.

कार्यक्रम संपला की सगळ्या गाड्या एकदम निघतात. पंधरा-वीस मिनिटं थांबा, गर्दी ओसरते. परत येताना हायवे १६ वर हरणं येतात. एक दिसलं की मागे आणखी असतात असं धरूनच चालवा.

माळरान
सगळं उत्तम चाललंय, एक जोड देतो. ज्या डोंगरावर हे चेहरे आहेत ते ब्लॅक हिल्स लाकोटांसाठी पवित्र आहेत. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने ते त्यांच्याकडे राहिले होते. १८७४ मध्ये सोनं सापडलं आणि काही वर्षांत ते काढून घेतले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवून भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती आजवर घेतलेली नाही, त्यांना जमीन हवी आहे. त्याच संध्याकाळी डोंगरासमोर बसणाऱ्याला हे माहीत असायला हवं. बॅडलँड्सचा दक्षिण भागही लाकोटांच्या पाइन रिज राखीव प्रदेशात येतो.

आदल्या दिवशी वेळ मिळाला तर चेंबरलेनच्या विश्रांतीस्थळावर थांबा (एक्झिट २६३ ते २६५ च्या दरम्यान). मिझुरी नदीच्या काठावर डिग्निटी नावाचा ५० फुटी स्टेनलेस स्टीलचा पुतळा आहे, पाठीवर तारकांची गोधडी पसरलेली मूलनिवासी स्त्री. २०१६ चा. फुकट आहे, आणि तिथे थांबायचं कारण फक्त तेवढंच नाही.

यंत्रतंत्र
हिशेब मांडतो. कडोकापासून रात्री मोटेलवर परत येईपर्यंत सेज क्रीक, डेल्टा-०९ आणि आयर्न माउंटन धरून २१० मैल. गॅलनला ३० मैल आणि साडेतीन डॉलर भाव धरला तर साधारण २५ डॉलर. पार्किंग १०. पासचे ८० तीन उद्यानांत वाटले तर या दिवसाच्या वाट्याला २७. एकूण ६२. उरलेल्या १३ डॉलरमध्ये बर्फ, पाण्याचे दोन कॅन, ब्रेड, काकडी, केळी आणि वॉलची दोन कप कॉफी. चीज घरून नेलंत तर बसतं. हात आखडावासा वाटला तर पहिल्यांदा आयर्न माउंटन गाळा, त्यात तीनेक डॉलर वाचतात. पण माझ्या मते ते गाळू नये.

मोटेलबद्दल एकच: तुम्ही जूनमध्ये आहात म्हणून ठीक. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते, तेव्हा रॅपिड सिटी आणि आसपासचे दर कित्येक पटींनी चढतात. हा धागा नंतर वाचणाऱ्यांनी तारखा बघूनच बेत करावा.

ओवी_ग
सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न: पाऊस असेल तर?

पाऊलवाट
जूनमध्ये तिथला पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, गडगडाट आणि गारांसकट. म्हणून पहाटेचा बेत सहसा सुरक्षित असतो. आदल्या रात्री राष्ट्रीय हवामान खात्याच्या पानावर कडोका आणि कीस्टोन (रशमोरजवळचं गाव) दोन्हींचा अंदाज बघा. डोंगरातली हवा माळावरच्या हवेपेक्षा वेगळी असते.

पहाटे पाऊस असेल तर नॉच, डोअर आणि सेज क्रीक तिन्ही रद्द. उशिरा निघा आणि लूप रोडवर गाडीतूनच फिरा. ओल्या मातीचे रंग दुप्पट गडद होतात, येलो माउंड्स तर पावसानंतरच बघावेत. वाचलेल्या वेळात आठला उघडणारं मिनिटमन व्हिजिटर सेंटर करा.

गारांचा इशारा असेल तर उघड्या माळावर थांबू नका, वॉल किंवा रॅपिड सिटीत छपराखाली गाडी लावा. हायवेच्या पुलाखाली थांबणं धोक्याचं आहे, मागून येणाऱ्यांना गाडी दिसत नाही. संध्याकाळी वीज चमकत असेल तर आयर्न माउंटन सोडून हायवे १६ ने जा. पार्किंगचे पैसे भरण्याआधी फाटकावर विचारा की आज दिव्यांचा कार्यक्रम होणार आहे का. रद्द झाला असेल तर पुढे २४४ वरच्या प्रोफाइल व्ह्यूपर्यंत जाऊन या.

रानमांजर
आणि धुकं असेल तर रशमोरला जाऊच नका, काही म्हणजे काही दिसत नाही. रशमोरचा जिवंत कॅमेरा ऑनलाइन असतो. रॅपिड सिटीहून निघायच्या आधी तो उघडून बघा.